उजवीकडची दोरी

"उजवीकडे काय?" तगारे सरांनी विचारलं.

"निळं विमान. त्याच्या पंखाखाली तंबू. तंबूपुढे दोन खुर्च्या."

"माणसं?"

"एक बाई आहे. स्टोव्हला पंप मारतेय."

"बोलत राहा."

आम्हाला उतरून दोनच मिनिटं झाली होती. विमान सरांनी माझ्याकडून आपल्या ताब्यात घेतलं होतं आणि ते आता बैलगाडीच्या चालीने जागा शोधत निघालं होतं. कोरेवाडीच्या माळावर लढाईच्या काळातली एक जुनी धावपट्टी आहे. एरवी तिच्यावर शेळ्या चरतात. जानेवारीतल्या एका शनिवारी मात्र शेळ्या हाकलून तिथे फ्लाय-इन भरायचं. म्हणजे ज्यांच्याकडे स्वतःची लहान विमानं आहेत अशी चाळीसेक वेडी माणसं उडत यायची, विमानं ओळीने लावायची, पंखाखाली तंबू ठोकायची आणि दोन दिवस तिथेच रांधून-जेवून राहायची. गावातले लोक त्याला इमानांची जत्रा म्हणत. मला तेच नाव जास्त बरोबर वाटतं. जत्रेत गाडी सोडून तिच्या सावलीत चूल मांडतात, त्यात आणि यात बैल सोडले तर फरक काही नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. लायसन्स होतं, नोकरी नव्हती. नोकरीसाठी उड्डाणाचे तास भरावे लागतात आणि तास भरायला विमान लागतं. ते मला सरांनी दिलं. तगारे सरांनी फ्लाइंग क्लबमध्ये एकतीस वर्षं शिकवलं होतं. त्या माळावर येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना त्यांनीच उडायला शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनं, दोन सीटचं विमान घेतलं, माझ्यापेक्षा वयाने मोठं. दर रविवारी आम्ही दोघं उडायचो. आधी मी डावीकडे, म्हणजे वैमानिकाच्या जागी बसायचे आणि सर उजवीकडे, मास्तरच्या जागी. दिवाळीनंतर सरांनी जागा बदलल्या. आता तू उजवीकडे बस, म्हणाले, आणि तुझ्या बाजूला जे जे दिसेल ते मोठ्याने बोलत जा. उद्या प्रवासी घेऊन उडशील तेव्हा डोळ्यांबरोबर तोंडही चाललं पाहिजे. विमान उतरवायचं कामही ते माझ्यावरच सोपवायला लागले. मला वाटलं, माझा हात बसावा म्हणून. मास्तरला कारण विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

तर मी बोलत होते, आणि मग मला ते पिवळं विमान दिसलं. एकावर एक असे दोन मजली पंख, उघडी बैठक, आणि मालकाने जुन्या नऊवारी लुगड्याचा तंबू केलेला. मी बघतच राहिले. किती वेळ, कोण जाणे. दहा सेकंद असतील. विमान जमिनीवर असताना दहा सेकंद म्हणजे काही फार नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी विमान लावलेलं नसतं.

भानावर आले तेव्हा शेडगे काका समोर उजव्या अंगाला उड्या मारत होते. शेडगे हवाई दलातून निवृत्त झालेले. माळावर कोणतं विमान कुठे लावायचं ते त्यांच्या हातात, आणि त्यासाठी त्यांनी टेबल टेनिसच्या दोन बॅटा केशरी रंगवून घेतल्या होत्या. त्या बॅटा त्यांनी डोक्यावर एकमेकींवर आडव्या धरल्या होत्या. म्हणजे थांब, आत्ताच्या आत्ता. सर थांबले नाहीत. मी माझ्या बाजूचे ब्रेक दोन्ही पायांनी दाबले. विमान नाक मुरडून उभं राहिलं. आमचा उजवा पंख आणि शेजारच्या विमानाची शेपटी यांच्यात एक वीत अंतर उरलं होतं.

"बोलणं का थांबवलंस?" सर शांतपणे म्हणाले.

मी माफी मागितली. चूक माझीच होती, मला तसंच वाटलं. शेडगे जवळ आले, घाम पुसला आणि म्हणाले की सर, मी तुमच्याकडं बघून नाचत हुतो की हितं, बघितलं न्हाई व्हय? सर म्हणाले, ऊन डोळ्यावर होतं. ऊन आमच्या पाठीमागे होतं. ते माझ्या लक्षात आलं, पण आलं आणि गेलं.

मग विमान बांधायला घेतलं. लहान विमान रिकामं असलं की फार हलकं असतं, आणि माळावर वारा सुटला तर उलथायला वेळ लागत नाही. म्हणून डाव्या पंखाला एक, उजव्याला एक आणि शेपटीला एक अशा तीन दोऱ्या जमिनीतल्या लोखंडी खुंट्यांना बांधायच्या, आणि कुणी अडखळू नये म्हणून प्रत्येक दोरीला एक लाल चिंधी. यात सरांचे दोन नियम होते आणि ते त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना शुभंकरोतीसारखे पाठ होते. पहिला, ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं, दुसऱ्याच्या गाठीला हात लावायचा नाही. दुसरा, उडायच्या आधी विमानाभोवती फेरी मारायची आणि सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. 'सोडलीस का' असं कुणाला विचारायचं नाही. विचारणारा ऐकतो, बघत नाही, असं सर म्हणायचे.

माळाचाही एक नियम होता. दोरी सोडायची विसरून जो इंजिन सुरू करील त्याच्या गळ्यात ती दोरी हारासारखी घालायची आणि त्याने अख्ख्या तळाला चहा करून पाजायचा. बघणाऱ्यांना दोरी दिसली तरी त्यांनी सांगायचं नाही, म्हणून दोन-तीन वर्षांतून एखादा सापडायचाच. सर कधीही सापडले नव्हते, आणि ते तसं सांगायचेही.

डाव्या पंखाची आणि शेपटीची दोरी सरांनी बांधली. उजवीकडची खुंटी ठोकायला बसले तेव्हा पहिला हातोडा मातीत बसला. दुसराही. तिसरा अंगठ्यावर. त्यांनी हातोडा माझ्याकडे दिला आणि म्हणाले, तूच ठोक आणि तूच बांध, तुला सवय हवी. मी बांधली.

दुपारी माई गाडीने डबे घेऊन आल्या. माई म्हणजे सरांच्या बायको, शालिनीबाई. अडतीस वर्षांच्या संसारात त्या नवऱ्याच्या विमानात एकदाही बसल्या नव्हत्या. कुणी आग्रह केला की म्हणायच्या, जमिनीवर ह्यांच्याबरोबर निभावलंय तेवढं पुरे आहे. कोरेवाडीला मात्र दर वर्षी यायच्या, स्वयंपाक आणायच्या, आणि विमानाकडे सवतीकडे बघावं तसं बघायच्या. त्या वर्षी त्यांनी हो म्हटलं होतं. रविवारी सकाळी आठ वाजता सर त्यांना आकाशातून फिरवून आणणार होते, दोघंच. सरांनी ही बातमी तळावर प्रत्येकाला स्वतः जाऊन सांगितली. लोक माईंची चेष्टा करत होते की माई, विमा उतरवलाय का, आणि माई हसून म्हणत होत्या की विमा नाही, मृत्युपत्र केलंय. त्यांचा हात मात्र पदराशी चाळा करत होता.

सर इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. संध्याकाळी पंखाखाली सतरंजी टाकून आम्ही जेवायला बसलो, तेव्हाही त्यांचं चाललंच होतं की तळ्यावरून नेतो, मग देवळावरून, मग वळून टेकडीच्या कडेने. सूर्य अजून मावळला नव्हता, चांगला उजेड होता. पिठलं, भाकरी, लसणाची चटणी. सरांच्या डावीकडे माई आणि उजवीकडे मी. मी दिवसभर दमले होते आणि सकाळची चूक मनात होती, म्हणून गप्प बसून जेवत होते.

बोलता बोलता सर थांबले. इकडे-तिकडे बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "शालू, केतकी कुठे गेली गं?"

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. माझा गुडघा त्यांच्या ताटाला लागत होता.

माईंनी माझ्याकडे बघितलं. थेट माझ्या डोळ्यांत. आणि भाकरी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "असेल इथेच कुठेतरी. येईल."

 मी आवाज न करता उठले, मागून वळसा घालून सरांच्या समोर आले आणि म्हटलं की पाणी आणायला गेले होते. सर म्हणाले, बस, जेवून घे. चटणी कुठे ठेवलीय कोण जाणे. चटणी त्यांच्या ताटाच्या उजव्या अंगाला होती.

जेवणं झाल्यावर मी आणि माई भांडी घासायला टाकीजवळच्या नळावर गेलो. मी काही विचारायच्या आतच माई बोलल्या. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी सरांना लहानसा झटका येऊन गेला होता. हात ठीक, पाय ठीक, वाचा ठीक. पण उजवीकडचं दिसणं गेलं, दोन्ही डोळ्यांचं. डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत, मेंदूपर्यंत पोचतच नाही. कधी परत येईल, कधी येणार नाही. सरांची वैमानिकाची तपासणी मार्चमध्ये होती. तोवर कुणाला कळता कामा नये म्हणून त्यांनी माईंना शपथ घातली होती, आपल्या गळ्याची. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू आज डोळ्यांनी बघितलंस, म्हणून फक्त तुला सांगितलं, असं माई म्हणाल्या.

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट खटाखट बसत गेली. जागा का बदलल्या, उतरवायला मला का देत होते, बोलत राहा का म्हणत होते. तीन महिने मी समजत होते की मी शिकतेय. मी सरांचा उजवा डोळा होते आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. दहा सेकंद मी पिवळं विमान बघत बसले तर पंख धडकत होता. मी नसताना काय होईल?

"मग उद्या तुम्ही बसू नका," मी म्हटलं.

"बसणार आहे," माई म्हणाल्या.

"अहो माई, त्यांना दिसत नाही. उतरवताना मी नसेन शेजारी."

"माहीत आहे मला."

"मग सांगा ना त्यांना, की नाही येत."

माईंनी पातेलं पालथं घातलं. "मी बांधलेली आहे गं," त्या म्हणाल्या. "तू मोकळी आहेस."

आणि भांडी उचलून विमानाकडे निघाल्या.

मोकळी म्हणजे किती मोकळी, ते माझं मला माहीत. शेडग्यांना सांगितलं असतं तर ते लगेच संयोजकांकडे गेले असते, आणि सरांनीच शिकवलेल्या माणसांनी सरांना चारचौघांत खाली उतरवलं असतं. सरांना जाऊन सांगितलं असतं तर ते हसले असते. ऊन डोळ्यावर होतं, म्हणाले असते. न सांगावं, तर सकाळी आठ वाजता दोघं वर जाणार आणि खाली कसे येणार हे कुणालाच ठाऊक नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढंच सांगते. पहाटे केव्हातरी मला सरांचेच दोन नियम आठवले, आणि मग थोडा वेळ झोपले.

सकाळी वारा नव्हता. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. सर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. माईंनी साडीच्या पदराला पिन लावली होती आणि डोक्याला रुमाल बांधला होता. बघायला पंधरा-वीस लोक जमले होते, हातात कप घेऊन. शेडगे बॅटा घेऊन समोर उभे राहिले.

सरांनी फेरी सुरू केली. नेहमीसारखी, डाव्या दारापासून. पंखावरून हात फिरवत गेले, डावी दोरी सोडली, गुंडाळली. शेपटीपाशी गेले, ती दोरी सोडली. शेपटी हाताने वर-खाली करून बघितली. मग ते उजव्या अंगाला आले.

उजवीकडची दोरी मी बांधली होती, म्हणून मीच सोडायची होती. मी ती सोडली नव्हती.

मी काही लपवलं नव्हतं. दोरी तिथेच होती, माझ्या अंगठ्याएवढी जाड, पंखापासून खुंटीपर्यंत ताणलेली, आणि तिच्यावर ती लाल चिंधी. ज्याला दिसतं त्याला ती वीस पावलांवरून दिसली असती. दिसली तर ते मला दहा लोकांसमोर झापतील, मी सॉरी म्हणेन, दोरी सोडेन आणि सुखाने त्यांना उडताना बघेन. दिसावी असं मला मनापासून वाटत होतं. देवाला मी सहसा त्रास देत नाही, पण त्या सकाळी दिला.

सर विमानाच्या अंगालगत चालत होते. वाकून त्यांनी चाकातली हवा अंगठ्याने दाबून बघितली. उठले. चिंधी त्यांच्या उजव्या खांद्यापासून हातभर अंतरावर लोंबत होती. त्यांनी आपल्या डाव्या हाताला आलेल्या उजव्या दाराची बिजागरी तपासली, इंजिनाचं झाकण उघडून तेल बघितलं, पंख्याच्या पात्यावरून तळवा फिरवला, आणि फेरी पूर्ण करून डाव्या दाराशी आले.

"सगळं ठीक," ते म्हणाले. "ये शालू."

माईंना उजव्या दाराने चढायचं होतं. त्या वळसा घालून आल्या आणि दोरीसमोर थांबल्या. दोरी बघितली. वर माझ्याकडे बघितलं. मग साडी सावरली, दोरीखालून वाकून पलीकडे गेल्या आणि आत बसून दार लावून घेतलं. चेहऱ्यावर काही नाही.

मी विमानाच्या पुढे, डाव्या अंगाला उभी राहिले, सरांना दिसेन अशी, आणि दोन्ही हात आडवे करायला तयार ठेवले. उजवीकडची माणसं मी आधीच मागे सारली होती. सर ओरडले, बाजूला व्हा. इंजिन लागलं. शेडग्यांनी बॅटा हलवून पुढे बोलावलं. विमान हातभर पुढे आलं आणि दाव्याला बांधलेली गाय वळावी तसं उजवीकडे वळून उभं राहिलं. सरांनी जरा जोर दिला. ते आणखी वळलं. मी हात आडवे केले. सरांनी इंजिन बंद केलं.

मग हशा झाला. होणारच होता. एकतीस वर्षं शिकवलेल्या मास्तरला पकडल्याचा आनंद काही लहान नसतो. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी म्हणालं की सर, चहात आलं घाला. सरांनी हसून हात वर केला, खाली उतरले आणि नाकावरून वळसा घालून उजवीकडे आले. अगदी जवळ आल्यावर त्यांनी मान पूर्ण वळवली आणि मग त्यांना ती दिसली. त्यांनी चिंधी दोन बोटांत धरली. मी त्यांच्यापाशी गेले होते. लोक मागे होते, त्यांना आमचं ऐकू जात नव्हतं.

"ही तू बांधलेली," सर म्हणाले.

"हो सर."

"सोडायला विसरलीस."

त्यांनी मला वाट करून दिली होती, का स्वतःला, ते मला आजही कळलेलं नाही. हो म्हटलं असतं की मिटलं असतं. हार माझ्या गळ्यात पडला असता, चहा मी केला असता आणि पाच मिनिटांत ते दोघं वर गेले असते.

"नाही सर," मी म्हटलं. "विसरले नाही. तुम्हाला दिसते का ते बघत होते."

 तापलेलं इंजिन थंड होताना टक टक वाजत होतं. सरांनी चिंधी सोडली नव्हती. मला वाटलं, आता ओरडतील, आणि ते ओरडले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी उजव्या खिडकीकडे मान वळवली.

"तुला दिसली होती?"

"दिसली होती," माई म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"डोळ्यांबद्दल कुणाशी बोलायचं नाही अशी शपथ आहे. तुमचीच आहे. आठवतंय ना?"

 सरांनी माझ्याकडे बघून मानेने खुणावलं की सोड. त्या वेळीसुद्धा दुसऱ्याच्या गाठीला त्यांनी हात लावला नाही. मी दोरी सोडली. ती त्यांनी माझ्या हातातून घेतली, आपल्याच गळ्यात घातली आणि लोकांकडे वळून म्हणाले की चहा कुणाकुणाला हवा ते सांगा, साखर कमीवाले वेगळे उभे राहा. पुन्हा हशा झाला. शेडगे तेवढे हसत नव्हते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि बॅटा खाली केल्या.

जाता जाता सरांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "डावीकडे बस. माईला फिरवून आण."

"सर, मी..."

"फिरवून आण म्हटलं ना. रुमाल बांधून बसलीय ती. आणि आधी फेरी मार. माझ्या फेरीवर भरवसा ठेवू नकोस."

माझे डोळे भरून आले होते. तरी मी फेरी मारली, डाव्या दारापासून, सगळीकडे हात लावून.

वर गेल्यावर पहिली पाच मिनिटं माई डोळे मिटून, सीटची कड धरून बसल्या होत्या.   मग त्यांनी डोळे उघडले, आपल्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघितलं, घसा साफ केला आणि स्पष्ट, शाळेत कविता म्हणतात तशा आवाजात बोलायला लागल्या.

"उजवीकडे तळं. उजवीकडे देवळाचा कळस. उजवीकडे विमान नाही. पक्षी नाहीत. खाली दोन म्हशी. नाही, तीन."

"माई, मला दिसतंय," मी म्हटलं.

"माहीत आहे. महिनाभर पाठ केलंय, तर म्हणू दे."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या बाहेरच बघत होत्या. मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. मार्चमध्ये तपासणी होणार, विमान जाणार, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून या फ्लाय-इनला त्यांना शेवटचं एकदा एकट्याने उडायचं होतं. केतकीलासुद्धा नेणार नाही, म्हणत होते. माईंनी समजावलं, रागावून बघितलं, अबोला धरून बघितला. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. तेव्हा माई म्हणाल्या, मग मला न्या. सरांना वाटलं, बायकोचं मन वळलं. माईंनी महिनाभर एस.टी.त उजव्या खिडकीशी बसून सराव केला. उजवीकडे टपरी, उजवीकडे ट्रक, उजवीकडे शाळा सुटलीय. लोक बघायचे, म्हाताऱ्या बाईला काय झालंय म्हणून.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली ना. अजून वाटतेय," माई म्हणाल्या. "पण हे एकटे वर गेले असते आणि मी खाली भाकऱ्या थापत बसले असते, तर जास्त वाटली असती. उजवीकडे रस्ता. लाल मोटार."

मी तळ्यावरून गेले, देवळावरून वळले आणि टेकडीच्या कडेने परत आले. सरांनी ठरवलेली वाट तशीच्या तशी. उतरले तेही नीट उतरले. माईंचं बोलणं चालूच होतं आणि मी त्यांना पुन्हा थांबवलं नाही.

सर त्यानंतर डाव्या सीटवर कधी बसले नाहीत. मार्चची तपासणी त्यांनी दिलीच नाही, आपणच पत्र लिहून लायसन्स परत केलं. माझ्याशी त्या गोष्टीबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि विमानाची किल्लीही कधी परत मागितली नाही. शेडग्यांचे गुडघे गेल्यावर कोरेवाडीला विमानं लावायचं काम त्यांनी घेतलं आणि नऊ वर्षं केलं. कायम ओळीच्या उजव्या टोकाला उभे राहायचे, म्हणजे येणारं सगळं त्यांच्या डावीकडे पडायचं. आज माझ्या हाताखाली शिकणारी मुलं विचारतात की उजवीकडचं मोठ्याने का बोलायचं, डोळे आहेत की. मी म्हणते, सवय लावा.

त्या दिवशी आम्ही धावपट्टीवरून वळून ओळीत शिरलो. निळ्या विमानाची बाई चहा पीत होती. पिवळ्या विमानाकडे मी बघितलं नाही. आमच्या रिकाम्या जागेपुढे कुणीतरी केशरी बॅटा घेऊन उभं होतं, आणि ते शेडगे नव्हते.

"उजवीकडे हे उभे आहेत," माई म्हणाल्या. "गळ्यात दोरी आहे अजून. थांब म्हणतायत."

मी थांबले.